पाठीवरचा वारा

आल्डसुम
१५ जानेवारी, सकाळ

प्रिय वोब्बे,

तू, मारिट आणि दोन्ही मुली बऱ्या असाल अशी आशा. आम्ही बरे आहोत. आणि आम्ही म्हणताना त्यात हेइट आले, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना घाबरायला नको. आपला बाप ठणठणीत आहे. आत्ता माझ्या समोर बसून ताकातली पेज ओरपताहेत आणि मी कुणाला लिहितेय हे एका शब्दाने विचारत नाहीत. म्हणजे त्यांना माहीत आहे.

फोन का नाही केला असं म्हणू नकोस. माझा फोन तू उन्हाळ्यापासून उचलत नाहीस. गाईंवरून हेइटची बाजू घेतली म्हणून बहिणीला शिक्षा. असू दे. आज दुपारी पहिली बोट सुटेल असं तिकीटघरातला लोल्के म्हणाला, हे पत्र त्याच्या हातात देते. तो तुझ्या दुकानात स्वतः आणून देईल. त्याच्यासमोर तरी तू ते फाडणार नाहीस.

काल तुमच्याकडे बेटावर काय झालं असेल कुणास ठाऊक. भाड्याच्या सायकली आत घेतल्या होत्यास ना? इकडे पहाटेपासून वारा असा सुटला होता की खिडकीची काच हाताला थरथरताना लागत होती. गाडी नवरोबा गेर्बेन कामावर घेऊन गेला होता. ऑफिसातून आमच्या कोरीचा घरोघरी सेवेला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना निरोप आला, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी गाडीने जा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी सांभाळून. सांभाळून म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. मी पावसाळी पँट चढवली, वर पावसाळी कोट, टोपीची दोरी हनुवटीखाली आवळली आणि सायकलवर निघाले. म्हाताऱ्यांचे पाय काही हवामान बघून सुजत नाहीत.

पहिलं घर होक्स्ट्रा बाईंचं. त्यांना ते घट्ट पायमोजे घालायचे असतात, आणि माझे हात ओले, त्यामुळे मोजा घोट्याच्या वर चढेना. त्या म्हणतात, "रेन्स्के, तू आज नसतीस आलीस तरी चाललं असतं." मी म्हटलं, "मग परवा तुम्हाला बूट घालता आला नसता." नेहमीप्रमाणे कॉफी झाली, बिस्किटांचा डबा पुढे आला, मी एक घेतलं, डबा बंद झाला. आणि मग, वोब्बे, तो डबा परत उघडला. इतकी वर्षं मी त्या घरात जाते, दुसरं बिस्किट मला कधी मिळालेलं नाही. तेव्हा मला कळलं की वादळ खरंच मोठं आहे.

तिथून पुढचा रस्ता तुला पाठ आहे, आपल्या शाळेचाच. उघडं रान, एक झाड नाही, वारा डावीकडून. अंग वाऱ्यावर टेकवून चालवायचं. मी तशीच रेलून चालले होते, अगदी तोऱ्यात, आणि बाउमांच्या कोठाराची आठवणच राहिली नाही. कोठाराच्या आडोशाला गेले, वारा बंद, आणि मी आडवी. सरळ चिखलात. पन्नाशी उलटलेली बाई, त्याच जागी, जिथे तू मला दहा वर्षांची असताना पडताना बघून इतका हसला होतास की स्वतः पडलास. गुडघा खरचटलाय. औषधांची पिशवी सुखरूप. बाउमाच्या बायकोने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला, म्हणजे मला लाज वाटू नये. चांगली आहे ती.

मग आणखी दोन घरं. एका घरी डोळ्यांत औषध घालायचं, एका घरी आंघोळ. दर वेळी ओली पँट काढायची, कोरडं व्हायचं, परत ओली पँट चढवायची. ते चढवणं सगळ्यांत वाईट. गारा पडल्या तेव्हा मी तोंड फिरवून शेतकऱ्याच्या दुधाच्या टाकीमागे उभी राहिले आणि स्वतःला शिव्या घातल्या, की शिवणकाम शिकली असतीस तर काय बिघडलं असतं.

हे सगळं मी लांबण लावून लिहितेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला म्हणे मी तोंड उघडलं की कळतं, पुढे काहीतरी येतंय.

तर, दुपारी मी नेहमीप्रमाणे हेइटकडे गेले, सूप घेऊन. दार नुसतं लोटलेलं. रेडिओ चालू. कॉफीचं भांडं गार. काठी कोपऱ्यात. आणि हेइट नाहीत.

मी हाका मारल्या. झोपायची खोली बघितली, रिकामा गोठा बघितला, मोरीत पडलेत का ते बघितलं. संडासात गेले. तिथे दारावर टांगलेल्या, घरच्या सगळ्यांच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरकडे मी मुद्दाम बघितलं नाही. त्यातली सगळी नावं मेमच्या अक्षरात आहेत आणि आई गेल्यावरही ते काढून टाकायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

मग सायकलींची पडवी. आता तुला हे माहीत नाही, की ऑक्टोबरात हेइट चौकात चक्कर येऊन पडले होते. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाल्या, सायकल बंद. मी त्यांच्या सायकलच्या कुलपाची किल्ली काढून घेतली, ती माझ्या पर्समध्ये असते. त्यावर ते मला गावभर फौजदार म्हणत फिरत होते. तर त्यांची सायकल जागेवर होती, कुलूपबंद. मला हायसं वाटलं. मग शेजारी नजर गेली. मेमची सायकल नव्हती.

सूप तिथेच फरशीवर ठेवलं.

मी रस्ता ओलांडून दिक्समाकडे धावले. तो दिवसभर खिडकीत बसलेला असतो, त्याला सगळं ठाऊक असतं.

"सिब्रेन ना? गेला की. दहाच्या सुमाराला."

"गेले म्हणजे? कुठे?"

"वारा जिकडे, तिकडे. पायडलसुद्धा मारत नव्हता गं. नुसता बसला होता. मला हात केला. टाय लावला होता त्याने."

"आणि तुम्ही थांबवलं नाहीत?"

"मी? मला संडासला जायला काठी लागते, आणि मी सिब्रेनला थांबवू? तुझ्या आईला तरी कधी जमलं का?" मग म्हणाला, "खूश दिसत होता, रेन्स्के. पोरासारखा."

आपल्याला सायकल शिकवताना पहिला नियम कुणी घातला होता? निघताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे परतताना पाठीवर येतो. तू एकदा उलटं केलंस, जत्रेला वाऱ्याबरोबर उडत गेलास आणि येताना रडत रडत सायकल ढकलत आलास, तेव्हा हेइट फाटकात उभे राहून काय म्हणाले होते? "डोकं घरी विसरून गेला होतास का?" आणि काल तोच माणूस, चौऱ्याऐंशी वर्षांचा, मेमच्या सायकलवर, टाय लावून, वाऱ्याबरोबर निघून गेला.

मी कोरीला फोन केला. तुला माहीत आहे, माझं आणि तिचं फारसं पटत नाही. मी म्हटलं, माझे वडील हरवलेत. ती म्हणाली, "दुपारची घरं मी बघते. तू जा. आणि रेन्स्के, कळव." एवढंच. तिच्याबद्दल मी जे जे बोललेय त्यातलं निम्मं परत घेते. पोलिसांनाही केला. तिथल्या बाईने वय विचारलं, सायकलचा रंग विचारला आणि म्हणाली, "या हवेत?" मी म्हटलं, या हवेतच.

मग मीही वारा जिकडे होता तिकडे निघाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर काठोकाठ भरलेले. मी एकदा डावीकडे बघायची, एकदा उजवीकडे. काय शोधत होते ते लिहवत नाही. मेमच्या सायकलच्या त्या दोन लाल पिशव्या आठवतात? मी लाल रंग शोधत होते आणि देवाला म्हणत होते, लाल काही दिसू देऊ नकोस. आणि दिसलं. वळणावरच्या मोठ्या चरात, पाण्यात अर्धं बुडालेलं, लाल. मी सायकल टाकली आणि उतरणीवरून बसूनच खाली गेले, बुटात पाणी शिरलं. खताची रिकामी गोणी होती. मी ती गोणी हातात धरून, तिथेच गवतावर बसून रडले, वोब्बे. मेम गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांचं बघायचं होतं.

त्यानंतर एक गोष्ट झाली, ती सांगायला जरा लाज वाटते. परत सायकलवर बसले, आणि वारा इतका सरळ पाठीवर होता की मला काही करावंच लागेना. पाय नुसते ठेवलेले. गुडघा दुखत नव्हता, चाकांचा आवाज येत नव्हता, रस्ता आपोआप मागे जात होता. बाप कुठे पडलाय ते ठाऊक नाही आणि तरी क्षणभर बरं वाटलं. तेव्हा मला कळलं त्यांना कसं वाटलं असेल. आणि त्याच वेळी हा रस्ता कुठे जातो तेही लक्षात आलं. हा रस्ता एकाच ठिकाणी जातो, बेटाच्या बोटीकडे.

समुद्राचा बांध ओलांडला तेव्हा वारा फिरला होता. धक्क्यापर्यंतचा तो समुद्रातला लांब रस्ता मी चालत गेले, सायकल अंगाशी धरून, आणि दर लाटेला तोंडावर खारं पाणी. कुणी दिसत नव्हतं. बोटी सकाळपासून बंद. मी मनाशी म्हणत होते की ते तिथे नसले तर आता पुढे फक्त पाणी आहे.

तिकीटघराच्या बाहेर, सायकलींच्या रांगेत, लाल पिशव्या.

कुलपाची किल्ली मोडलेली आहे ना तिची, म्हणून त्यांनी ती खांबाला दोरीने बांधली होती. गाय बांधायची गाठ. ती गाठ बघून माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहिले. आणि मग मला असा राग आला म्हणून सांगू. त्या सबंध वाटेवर मी जे जे म्हणणार होते ते सगळं ओठांवर आलं. दार उघडून आत शिरले, चार शब्द चांगले सुनवायचे म्हणून तोंड उघडलं.

आत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या.

खरं सांगते. प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या, सगळ्या भिंतीपासून ओढून, गोल, आपल्याकडे वाढदिवसाला मांडतात तशा. त्यात अडकून पडलेले प्रवासी बसलेले, कुत्रेवाली एक बाई, एक ट्रकवाला, एक जर्मन नवरा-बायको, आणि तिकीट खिडकीतला आपला लोल्के. सगळ्यांच्या हातात कागदी पेल्यातली कॉफी, मांडीवर कागदी रुमाल, त्यावर साखरेच्या पावाचा तुकडा. आणि मधोमध हेइट, रविवारचा टाय, केस ओले पण विंचरलेले.

मी काही बोलायच्या आत कुत्रेवाली बाई उठली, पुढे आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही मुलगी ना त्यांची? भावाबद्दल अभिनंदन." मग ट्रकवाला उठला. "भावाबद्दल अभिनंदन, बाई." मग लोल्के. मग ते जर्मन दोघं, त्यांना बिचाऱ्यांना काही कळलेलं नव्हतं की भावाचा वाढदिवस असला तर बहिणीचा हात कशाला हलवायचा, पण सगळे रांगेत उभे राहिले म्हणून तेही राहिले. मी चिखलाने माखलेली, नाक गळतंय, आणि मी आपली एकेकाला "आभारी आहे, आभारी आहे" म्हणतेय. 

तर हो, वोब्बे. इतका वेळ मी तारखेला वळसा घालून लिहितेय. काल चौदा जानेवारी होती.

"बस," हेइट म्हणाले. "पाव घे. बेकरीतून आणलाय, भरपूर साखरवाला. त्याला आवडतो तो."

मी बसले. दुसरं काय करणार? मग हळूच म्हटलं, "मेमची सायकल का घेतलीत?"

"माझी किल्ली तुझ्याकडे आहे."

"आणि परत कसे येणार होतात?"

त्यांनी पेल्यात बघितलं. "त्याचा विचार नाही केला. जाताना बरं वाटत होतं."

लोल्के सांगत होता, ते अकराच्या सुमाराला आले, एका माणसाचं बेटाचं तिकीट मागितलं. लोल्के म्हणाला, आज बोट नाही, सिब्रेन. तर म्हणाले, मग कधी? उद्या, जमलं तर. "उद्या त्याचा वाढदिवस नसतो," म्हणाले, आणि जागेवरून हलेनात. मग त्यांनी स्वतः खुर्च्या ओढायला सुरुवात केली. पाव कापायला लोल्केची सुरी मागितली. एकेकाला सांगितलं की माझा मुलगा आज सत्तेचाळीस वर्षांचा झाला, तो समोरच्या बेटावर असतो, कॉफी माझ्याकडून.

मी विचारलं, कारण विचारायला तर हवं होतं, "गाईंचं बोलायला निघाला होतात का?"

"नाही." मग रुमालावरची साखर बोटाने गोळा करत, "गाई विकल्या त्या मी विकल्या. त्याला न विचारता विकल्या. मारिट हॉस्पिटलात होती, तो तिच्याजवळ बसला होता, तेव्हा विकल्या. हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही आहे, त्यात मी काय नवीन सांगू? मी कॉफी प्यायला निघालो होतो." आणि मग, "चार वर्षं वाट बघितली, तो बोलावेल म्हणून. काल रात्री मनात आलं, वाढदिवसाला कुठे बोलावणं लागतं? वाढदिवसाला जायचंच असतं."

  मी पाव खाल्ला. मग ट्रकवाल्याने वाढदिवसाचं गाणं सुरू केलं, बेसूर, आणि सगळे म्हणाले, कुत्रं भुंकलं. हेइट गायले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं, तुमच्या बाजूला. त्या पावसात काही दिसत नव्हतं.

लोल्केने आपल्या गाडीतून आम्हाला घरी सोडलं, माझी सायकल मागे टाकून. मेमचीही टाकत होता, पण हेइट म्हणाले, "ती राहू दे तिथेच." का, ते त्याने विचारलं नाही, मीही नाही. फक्त घरी पोचल्यावर म्हणाले, "मागच्या चाकाची हवा कमी आहे. चाक पण जरा हलतंय. वोब्बेने बसवलेलं आहे ते, त्याला सांग."

म्हणून सांगते.

कोरडे कपडे घातले, कोरीला आणि पोलिसांना फोन केले, हेइटना गरम पाण्याची पिशवी देऊन अंथरुणात घातलं आणि संध्याकाळची घरं घ्यायला परत निघाले. कोरी म्हणाली, नको, मी करते. मी म्हटलं, मला जाऊ दे. खरंच जावंसं वाटत होतं. वारा सबंध वाटभर तिरपा तोंडावर होता, उलटा आलेला, मी उभी राहून पायडल मारत होते, मांड्या भरून आल्या होत्या, आणि मी मोठमोठ्याने गात होते, ट्रकवाल्यासारखीच बेसूर. बाउमांच्या कोठाराशी आले तेव्हा आधीच सरळ झाले. पडले नाही.

होक्स्ट्रा बाईंचे मोजे काढले. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं, कसं ते विचारू नकोस. म्हणाल्या, "वोब्बेबद्दल अभिनंदन. हेइटचंही करते, त्यांना फोन लावते आत्ता." मग कॉफी झाली, डबा उघडला, एक बिस्किट मिळालं, डबा बंद झाला. परत उघडला नाही. म्हटलं चला, वादळ ओसरलं.

आता थांबते. हेइटची पेज संपली आहे आणि ते बोटांनी टेबलावर ताल धरून बसलेत, म्हणजे लोल्केकडे मी कधी जाणार हे त्यांना विचारायचंय आणि विचारायचं नाहीये. गाईंबद्दल मी काही लिहीत नाही. ते तुमच्या दोघांतलं आहे, आणि तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी फक्त काल काय झालं ते लिहिलं.

एवढंच सांगते, की काल त्या गोल खुर्च्यांमध्ये एकेकाने उठून हेइटचा हात हातात घेतला आणि त्यांना मुलाबद्दल अभिनंदन म्हटलं. कुत्रेवाल्या बाईने म्हटलं, ट्रकवाल्याने म्हटलं, लोल्केने, त्या जर्मनांनी. होक्स्ट्रा बाईंनी फोनवर म्हटलं, दिक्समाने खिडकीतून ओरडून म्हटलं. झोपायच्या आधी मीही म्हटलं. ओळखीचे, अनोळखी, सगळे म्हणून झाले, वोब्बे. एक तू राहिला आहेस.

वाढदिवसाचं अभिनंदन.

तुझी,
रेन्स्के